कैदी आपला, मग नियम परका कसा?

‘शेतकऱ्याच्या पोराच्या फीला पैसे नाहीत आणि तुम्ही कैद्यांच्या पंख्याचं घेऊन बसलात!’ यवतमाळात तुरुंग सुधारण्याचा विषय काढला की समोरून हे वाक्य येतंच. बोलणारा माणूस वाईट नसतो. आपल्या गावात त्याने आत्महत्या पाहिलेल्या असतात, कापसाचा भाव पडल्यावर घर कसं बसतं ते पाहिलेलं असतं. सरकारी तिजोरीतला पैसा शेवटी कुठे जिरतो याचा त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. त्यात कुणी नॉर्वेच्या तुरुंगांचं किंवा संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमांचं नाव घेतलं की त्याचा पारा आणखी चढतो. ‘त्या गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, आमचं आम्ही बघू.’ त्याचा राग खरा आहे हे मला मान्य आहे. त्या रागातून तो जे अनुमान काढतो ते मात्र साफ चुकीचं आहे आणि त्याची किंमत त्याच्याच घरातली माणसं मोजतात.

आधी आत कोण बसलंय ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीप्रमाणे देशभरच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती आणि जागा होती 4 लाख 36 हजारांची. त्यांतले 75.8 टक्के कच्चे कैदी, म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून सुमारे दोन तृतीयांश भरतात. बहुतेकांचं शिक्षण दहावीच्या आत थांबलेलं. महाराष्ट्राचे तुरुंग त्या वर्षी क्षमतेच्या दीडपटीहून जास्त भरलेले होते. शेतकरी एका पारड्यात आणि कैदी दुसऱ्या पारड्यात अशी जी मांडणी आपण सहज करतो, तिला या आकड्यांत कुठेच आधार नाही. आत बसलेला माणूस त्याच शेतकऱ्याचा सालदार असतो, भाऊबंद असतो, कधी त्याचाच मुलगा असतो.

झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, कोलाम तरुण डोळ्यासमोर आणा. भांडणात नाहीतर चोरीच्या संशयावरून धरला गेला. कोर्टाने जामीन मंजूर केला. वर्तमानपत्राच्या दृष्टीने गोष्ट इथे संपते, घरच्यांची पायपीट इथून सुरू होते. जामीनदार पाहिजे. त्याचा ऐपतीचा दाखला पाहिजे, सातबारा पाहिजे, घरटॅक्सची पावती, आधार, फोटो पाहिजेत. पोडावर एखाद्याला वनहक्काचा पट्टा मिळालेला असतो, बाकीच्यांची कसती जमीन कागदावर त्यांची नसते. सातबारा ज्याच्या नावाने आहे तो गावातला मोठा शेतकरी. तो राजी झाला तरी त्याने कोर्टात येऊन उभं राहायचं, आणि नोव्हेंबरात वेचणी ऐन भरात असताना कोण येतो? मग हा तरुण कागदावर सुटलेला आणि प्रत्यक्षात बराकीतच. त्याची आई मुलाकातीला येते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे एवढाच काय तो दिलासा. पहाटे निघायचं, यवतमाळला उतरायचं, नाव नोंदवायचं, नंबर येईपर्यंत बाहेर बसायचं आणि मग काही मिनिटांचं बोलणं. त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. शिक्षा लागून पोराला अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात नेलं तर तेवढंही होत नाही.

आता मला सांगा, यात ‘कैद्याचे लाड’ कुठे आहेत?

खटल्याआधीची कैद हा शेवटचा उपाय असावा, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या 1990 च्या टोकियो नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला त्याच वाटेने जाणारा आदेश दिला. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याला दंड भरायला 25 हजारांपर्यंत मदत मिळेल असं तेव्हा ठरलं. निर्णय जिल्ह्याच्या समितीने घ्यायचा, आणि समितीवर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंग अधीक्षक असे सगळे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने तर पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले वगळून, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाहेर येण्याचा मार्ग मोकळा केला आहे. टोकियोच्या नियमामागचा आणि दिल्लीच्या आदेशामागचा विचार एकच आहे. पहिला परका म्हणून झिडकारणाऱ्याने त्या कोलामाच्या आईला दुसरा समजावून सांगून दाखवावा.

पण ‘परकं’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की त्याचा हिशेब करायलाच हवा. दगडी भिंत, बराक, छातीवरचा नंबर, तासातासाची घंटा ही व्यवस्था तरी आपली कुठे आहे? 1835 मध्ये मेकॉलेने हिंदुस्थानातल्या तुरुंगांबद्दल टिपण लिहिलं, त्यावरून तुरुंग शिस्त समिती बसली आणि 1838 मध्ये तिने अहवाल दिला. कैद्याला शिकवणं, नीतीचे चार शब्द सांगणं, चांगल्या वागणुकीची बक्षिसी देणं, या सगळ्याला त्या समितीने जाणूनबुजून नकार दिला. कष्ट कंटाळवाणे आणि एकसुरी असावेत, म्हणजे लोक तुरुंगाला भितील, असा तिचा हिशेब होता. पुढे 1894 चा तुरुंग कायदा आला. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं देशातले तुरुंग बहुतांशी त्याच कायद्यावर चालले, केंद्राने आदर्श कायद्याचा नवा मसुदा राज्यांना पाठवला तो 2023 मध्ये. म्हणजे विलायती दहशतीची व्यवस्था आपण सव्वाशे वर्षं ‘आपली’ म्हणून सांभाळली, आणि माणुसकीचा नियम आला की तेवढा मात्र ‘बाहेरचा’ ठरला.

आणि हा जिल्हा तुरुंगाकडे तुच्छतेने कसा पाहू शकतो? जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. त्यांच्यामागून जिल्ह्यातली किती घरं तुरुंगाची पायरी चढली. त्या पिढीला तुरुंगात जाणं भूषण वाटलं ते कायदा अन्यायी होता म्हणून. आज आत असलेला प्रत्येक जण सत्याग्रही आहे असा माझा दावा नाही. कायद्याच्या हातून अन्याय होऊ शकतो, आत गेलेला माणूस माणूस उरतो, एवढं तरी आपण त्या वारशातून घ्यायला हवं होतं.

महाराष्ट्राने या प्रश्नात जगाला काही दिलेलं आहे आणि तेही एका परदेशी माणसाला सोबत घेऊन, हे आपण पार विसरलो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, गांधीजींच्या सल्ल्याने 1939 मध्ये प्रजेच्या हाती राज्यकारभार देणारे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांचा एक मित्र होता, मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधून आलेला ज्यू अभियंता, म्हैसूर संस्थानच्या वीज कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला, पुढे भारतानंद या नावाने राहिलेला. औंधच्या राज्यघटनेच्या कामात त्याचा मोठा हात होता. याच माणसाने राजेसाहेबांपुढे प्रस्ताव ठेवला की संस्थानातले शिक्षा झालेले कैदी बाहेर काढा, जमीन द्या, भिंत नको. राजेसाहेब तयार झाले. आटपाडीच्या माणदेशी माळावर, जिथे पावसाचा भरवसा नाही अशा कोरड्या रानात, 1939 मध्ये स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनासारख्या गुन्ह्यांत सजा झालेली माणसं तिथे शेती करू लागली, बायकापोरं जवळ राहू लागली.

त्याच आटपाडी परिसरातल्या ग. दि. माडगूळकरांनी यावरून पटकथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पुढच्या वर्षी त्याला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. चित्रपट सगळ्यांना आठवतो, त्यातली प्रार्थना शाळाशाळांत म्हटली गेली, पण त्यामागची वसाहत सांगली जिल्ह्यात खरोखर आहे आणि संस्थान विलीन झाल्यावरही ती चालू राहिली, हे फार थोड्यांना ठाऊक. पैठणचं, मोर्शीचं खुलं कारागृह याच घराण्यातलं म्हणता येईल. मोर्शी तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. ‘आपल्या मातीत हे चालत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा मोर्शीला जाऊन यावं.

फ्रीडमनने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याने यंत्र आणलं नाही, निधी आणला नाही. इथल्या राजाच्या मनात जे धाडस अर्धवट होतं ते त्याने पुरं केलं, आणि राबवलं ते इथल्या माणसांनी, इथल्या जमिनीवर. परदेशाशी सहकार्य म्हणतात ते असं असावं.

स्वातंत्र्यानंतरही हा धागा तुटला नाही. 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडून डॉ. वॉल्टर रेकलेस नावाचे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ भारतात आले, तुरुंग पाहिले, अहवाल दिला. कोवळ्या वयाच्या मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात ठेवू नका, जुन्या नियमावल्या बदला, कर्मचाऱ्यांना शिकवा, परिवीक्षेची व्यवस्था उभी करा, असं त्यांचं सांगणं होतं. 1957 ची अखिल भारतीय नियमावली समिती आणि 1960 ची आदर्श तुरुंग नियमावली त्यानंतरच्या. त्याच सुमारास, 1955 मध्ये, जिनिव्हात जगातल्या देशांनी कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम ठरवले. सत्तावीस वर्षं कैदेत काढलेल्या माणसाचं नाव देऊन 2015 मध्ये ते सुधारले गेले, तेच आजचे नेल्सन मंडेला नियम. तुरुंगसुधारणेवरच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1983 मध्ये जे सांगितलं आणि मंडेला नियमांत जे आहे ते शेजारी ठेवून वाचलं तर कुठलं देशी आणि कुठलं विदेशी हे ओळखता येत नाही.

विरोधकांच्या हातात एक खरा पुरावा आहे. तो ते सहसा वापरत नाहीत, म्हणून मीच पुढे ठेवतो. परदेशी सुधारकांनी या देशात घातलेला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे गुन्हेगार जमातींच्या वसाहती. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. मग त्यांना ‘सुधारण्यासाठी’ सॅल्व्हेशन आर्मीसारख्या संस्थांच्या ताब्यात दिलं गेलं. सोलापूरची सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती. तारेचं कुंपण, हजेरी, पास, गिरणीतलं काम, मुलांची शाळा. मनाने चांगले असलेले लोकही त्यात होते. पण ज्यांना सुधारायचं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाकडे दाद मागायची तेही सांगितलं नाही. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, शिक्का राहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर विचारा, आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे येते. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 ला निकाल दिला तेव्हा कुठे तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी आणि विमुक्त जमातींना सराईत समजणारी कलमं घटनाबाह्य ठरली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा आदेश निघाला.

अशी उदाहरणं आजच्या काळातही आहेत. 2000 मध्ये कोलंबियाने अमेरिकेच्या तुरुंग खात्याशी करार करून नव्या धर्तीचे कडेकोट तुरुंग बांधायला घेतले. त्यातला पहिला वायेदुपारचा. इमारत नवी होती, पाणी पुरत नव्हतं. कैद्यांच्या हालांसाठीच तो तुरुंग पुढे गाजला. आधुनिकीकरण या नावाखाली परदेशातून येणारं सगळं डोळे मिटून घ्या, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मी विचारतो ते एवढंच की येणाऱ्या गोष्टीने आतल्या माणसाचा आवाज बाहेर पोहोचतो की आणखी दाबला जातो.

आपल्याकडे नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही. तुरुंग आधुनिक करायचा म्हटलं की निविदा निघते कॅमेऱ्यांची, जॅमरची, स्कॅनरची. अधिकाऱ्यांचं पथक परदेशाची यंत्रं पाहून येतं, अहवाल होतो, फोटो छापून येतो. यंत्रांना माझा विरोध नाही. ई-मुलाकातीमुळे उमरखेडच्या आईचा शंभर किलोमीटरच्या वरचा हेलपाटा वाचत असेल तर ती सोय पाहिजेच. पण बराकीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं झोपत असतील आणि मानसोपचाराचा डॉक्टर महिनोन्महिने फिरकत नसेल, तर कॅमेरा ती दाटी जास्त स्पष्ट दाखवेल, कमी करणार नाही. परदेशांकडून शिकण्यासारखं जे आहे ते या यंत्रांच्या यादीत सहसा नसतं.

नॉर्वेचंच घ्या, कारण टिंगल त्याचीच होते. हाल्डनचा तुरुंग 2010 मध्ये सुरू झाला, त्यातल्या खोल्यांचे फोटो आपल्याकडे मोबाइलवर फिरतात आणि ‘आपल्या हॉस्टेलपेक्षा बरं’ असं म्हटलं जातं. फोटोत न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या तुरुंगात शिकवणारा शिक्षक तुरुंगाचा नोकर नसतो, तो बाहेरच्या शिक्षण खात्याचा असतो. डॉक्टर स्थानिक पालिकेचा, ग्रंथपाल सार्वजनिक वाचनालयाचा. गावात राहणारा नागरिक आणि तुरुंगातला नागरिक, दोघांना सेवा देणारी माणसं एकच. तिथल्या तुरुंग रक्षकाला दोन वर्षांचं पगारी शिक्षण घ्यावं लागतं. सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं तिथलं प्रमाण सुमारे वीस टक्के सांगतात. त्या आकड्यावर मी फार भार टाकत नाही, कारण प्रत्येक देश पुनर्गुन्हा वेगळ्या पद्धतीने मोजतो. पण शिक्षक जिल्हा परिषदेचा असावा, डॉक्टर सरकारी दवाखान्याचा असावा, यासाठी नॉर्वेएवढं श्रीमंत असावं लागत नाही. आणि तुरुंगात जागा कमी पडली तेव्हा या श्रीमंत नॉर्वेनेही 2015 ते 2018 या काळात नेदरलँड्समधला तुरुंग भाड्याने घेतला. अधीक्षक नॉर्वेचा, रक्षक डच. कुणाच्या स्वाभिमानाला धक्का लागला नाही.

‘पण तो पन्नास-पंचावन्न लाखांचा देश.’ मान्य. मग डोमिनिकन प्रजासत्ताक पाहा. कॅरिबियन बेटावरचा उष्ण, ऊस पिकवणारा देश, तुरुंग तुंबलेले, हप्तेबाजी पाचवीला पुजलेली. तिथे 2003 मध्ये प्युएर्तो प्लाता शहरातून नवी व्यवस्था सुरू झाली. तिची धुरा रोबेर्तो सान्ताना या माणसाकडे दिली. हा विद्यापीठाचा माजी कुलगुरू आणि स्वतः कधीकाळचा राजकीय कैदी. त्याने पहिला निर्णय घेतला तो माणसांचा. जुन्या लष्करी-पोलिसी शिपायांना नव्या तुरुंगात घेतलंच नाही, नवी भरती केली, त्यांच्यासाठी शाळा काढली. क्षमतेपेक्षा जास्त कैदी घ्यायचे नाहीत हा नियम केला. निरक्षर आला तर त्याने लिहायला-वाचायला शिकलंच पाहिजे. बाहेरच्या देशांची मदत त्यांनी घेतली, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतले इतर देश त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. सगळं सुरळीत झालं असंही नाही. ला व्हिक्टोरियासारखे जुने, कोंबलेले तुरुंग शेजारी तसेच राहिले. पण गरीब देशाला हे जमतच नाही, हे वाक्य त्यानंतर कुणी म्हणू नये.

स्वाभिमानाची भाषा करणाऱ्यांना मला पालघरची आठवण करून द्यायची आहे. तिथले मच्छीमार गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, बोट सागरी हद्द ओलांडते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात जातो. बायको इथे, नवरा तिथे, ना तारीख ना वकील. अशा वेळी आपण काय मागतो? आंतरराष्ट्रीय नियम पाळा, दूतावासाला भेटू द्या, औषध द्या. भारत आणि पाकिस्तान 2008 च्या करारानुसार दर वर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. 2007 मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती झाली आणि तिने एकमेकांचे तुरुंग जाऊन पाहिले. युद्धं लढलेले देश हे करतात. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी आपण हेगच्या न्यायालयात गेलो आणि 17 जुलै 2019 ला आपल्या बाजूचा निकाल घेऊन आलो. आपला माणूस परक्या तुरुंगात असताना जे नियम आपल्याला हवेसे वाटतात, तेच नियम आपल्या तुरुंगातल्या आपल्याच माणसाला लावताना नकोसे कसे होतात?

एक आक्षेप असा आहे की त्यापुढे मी आवाज खाली करतो. ‘ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याचं काय? त्याला कोण नॉर्वे दाखवणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तुरुंगसुधारणेचं भाषण देण्याचा अधिकार मला नाही. तिला वेळेत न्याय पाहिजे, भरपाई पाहिजे, कोर्टात साक्ष देताना संरक्षण पाहिजे, आणि यातलं काहीही आज तिला धड मिळत नाही. पण तुरुंग वाईट ठेवल्याने तिला काय मिळतं? मारेकऱ्यालाही फर्लो-पॅरोल असतो, बहुतेकांची शिक्षा कधीतरी संपते आणि माणूस त्याच गावात, त्याच गल्लीत परत येतो. मंडेला नियमांतला चौथा नियम हेच सांगतो की कैदेचा हेतू समाजाला गुन्ह्यापासून वाचवणं हा आहे, आणि सुटल्यावर माणूस कायद्याने वागून पोट भरू शकेल अशी तयारी आत झाली तरच तो साधतो. कडू होऊन, व्यसन घेऊन, आत भेटलेल्या टोळीचा माणूस होऊन परतणारा शेजारी त्या बाईच्याच दारासमोर राहणार आहे.

म्हणून यवतमाळपुरतं बोलू या. शहरात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला मानसोपचाराचा डॉक्टर ठरलेल्या वारी तुरुंगात बसावा. जिल्हा परिषदेचा एक शिक्षक, आयटीआयचा एक निदेशक तिथे नेमावा आणि त्यांची बदली-बढती त्यांच्या मूळ खात्यातूनच व्हावी, म्हणजे ते तुरुंगाचे मिंधे राहणार नाहीत. महिला कैद्यांच्या मुलांसाठी 2010 चे बँकॉक नियम मोकळ्या वातावरणातली, स्पर्शाची भेट मागतात. आपल्या राज्यातल्या तुरुंगांनी ‘गळाभेट’ या नावाने हेच करून दाखवलं आहे, मग ते वर्षातून एखाद्या दिवसाचा कार्यक्रम म्हणून का राहावं? अमरावतीची ‘वऱ्हाड’ संस्था कैद्यांच्या मुलांसाठी आणि सुटलेल्यांसाठी काम करते, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून उभा आहे. या लोकांनी परदेशी अनुभव वाचलेला आहे आणि इथली एसटीही पकडलेली आहे. बाहेरचं काय घ्यायचं आणि काय दारातच थांबवायचं हे ठरवताना त्यांना टेबलावर बसवा. पथक परदेशी पाठवायचंच असेल तर त्यात एक बराकीवरचा शिपाई आणि एक परिवीक्षा अधिकारी असू द्या, नुसते वरचे साहेब नकोत.

मंडेला नियम बाहेरच्या तपासणीचाही आग्रह धरतात. त्यावर आपले लोक म्हणतात, आमच्या तुरुंगात परदेशी निरीक्षक कशाला? ठीक आहे, नको. आपल्याच कायद्यात अभ्यागत मंडळ आहे, अशासकीय अभ्यागत नेमण्याची तरतूद आहे. त्या जागांवर वणी, पुसद, पांढरकवड्याची माणसं नेमा, त्यात एक कोलाम आणि एक पारधी असू द्या, आणि ती न सांगता तुरुंगात जाऊ शकतील अशी व्यवस्था करा. गरीब कैद्यांच्या योजनेची जिल्हा समिती दर तिमाहीला किती वेळा बसली, यवतमाळच्या तुरुंगात जामीन मंजूर होऊनही सात दिवसांच्या वर किती जण अडकून पडले आणि त्यातल्या किती जणांचे पैसे भरले गेले, हे तीन आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाने फलकावर लावावेत. फलक मराठीत असावा, आणि तो मुलाकातीच्या रांगेतल्या माणसाला वाचता येईल अशा ठिकाणी असावा.